मागच्या पुराची रेघ

कोल्हापुरात नदीकडच्या गल्ल्यांमधल्या जुन्या घरांत भिंतीवर कुठे ना कुठे एक आडवी रेघ सापडते. कुणी ऑइलपेंटने मारलेली, कुणी खिळ्याने कोरलेली. शेजारी २००५ असा आकडा. त्या वर्षी पंचगंगा इथवर आली होती, एवढेच ती रेघ सांगते. पण एकदा रेघ ओढली की माणूस तिला कायदा मानू लागतो. पुढची चौदा वर्षे घरातली मांडणी तिच्याच हिशेबाने होत गेली. धान्याचे पिंप, टीव्ही, गाद्या, खरेदीखतांची पिशवी, सगळे रेघेच्या वर. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे इथल्या पोराटोरांनाही पाठ असते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले. रेघ बुडाली आणि तिच्या भरवशावर वर ठेवलेलेही बुडाले.

माझे अक्षरजुळणीचे दुकान शाहूपुरीत आहे. पाणी चढू लागले तेव्हा पुतण्याने संगणक उचलून वरच्या मजल्यावर नेला. बॅकअपची डिस्क भिंतीतल्या फळीवर होती, रेघेच्या चांगली दोन हात वर. “ती राहू दे रे, ती वरच हाय,” असे मीच म्हणालो. आठ दिवसांनी शटर उघडले तेव्हा फळीवर बोटभर गाळ होता. डिस्क धुतली, वाळवली, कुणीतरी सांगितले म्हणून तांदळाच्या डब्यातही ठेवून पाहिली. पण खरे सांगायचे तर मला फार वाईट वाटले नाही. मूळ संगणक शाबूत होता ना! नवी डिस्क काय, दिवाळी झाली की घेऊ.

दिवाळी झाली. डिस्क घ्यायची राहिली. आणि मग एका सकाळी वरच्या मजल्यावरून सुखरूप खाली आलेल्या त्या संगणकातून टिक्‌टिक्‌ असा आवाज येऊ लागला. अकरा वर्षांचे काम गेले. स्मरणिका, गौरवग्रंथ, कवितासंग्रह, लग्नपत्रिकांचे साचे, सगळे. गिऱ्हाइकांच्या मेलमध्ये पडलेल्या पीडीएफ तेवढ्या परत मिळाल्या. दुरुस्त करता येतील अशा मूळ फाइली नाहीत त्या नाहीतच.

हे पुस्तक त्या टिकटिकीतून निघाले. घरगुती आणि लहान दुकानातल्या संगणकांसाठी मुक्त स्रोत असलेली बॅकअपची साधने कोणती, ती कशी चालतात आणि कुणी कोणते घ्यावे, हा त्याचा विषय. सगळी साधने मी स्वतः वापरून पाहिली आहेत. तांत्रिक तपशील, आज्ञा आणि पडद्यांची चित्रे पुढच्या प्रकरणांत येतील. इथे फक्त मी कोणत्या नजरेने तुलना केली ते सांगतो, कारण ती नजर पटली नाही तर पुढचे कोष्टक वाचण्यात अर्थ नाही.

आधी आपण आज काय करतो ते पाहू. लक्ष्मीपुरीतला व्यापारी संध्याकाळी टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर घेतो आणि पेनड्राइव्ह गल्ल्यात ठेवतो. उद्यमनगरातल्या कारखान्यात पॅटर्नची ड्रॉइंगे आणि सीएनसीचे प्रोग्रॅम एकाच संगणकावर असतात, आणि तो चालवणारा पोरगा नोकरी सोडून गेला की कुठली फाइल शेवटची ते कुणालाच ठाऊक नसते. लग्नाचे फोटो काढणाऱ्यांकडे डिस्कांची चळत असते, पण प्रत्येक डिस्कवर वेगळे लग्न. म्हणजे प्रत्येकाची प्रत एकच. घराघरांत तर एकच उत्तर ऐकू येते: “डी ड्राइव्हला ठेवलंय की.” सी आणि डी हे बहुधा एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. विंडोजला फॉरमॅट मारताना डी वाचतो, म्हणून तो सुरक्षित असा समज पडला. ही पण मागच्या पुराचीच रेघ. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला आणि जुन्या संगणकांवर दुसरे काहीतरी चढवण्याचा सपाटा सुरू झाला; त्या गडबडीत किती डी ड्राइव्ह धुतले गेले असतील ते त्यांच्या मालकांनाच माहीत.

दुसरा गैरसमज जास्त शहाण्या लोकांचा आहे. फाइली क्लाउडवरच्या फोल्डरमध्ये आपोआप जातात, मग बॅकअप कशाला? असे जोडून ठेवलेले फोल्डर हा आरसा असतो. तुम्ही तोंडाला काळे फासले की आरशातलेही तोंड काळे. इथे फाइल पुसली की तिथेही पुसली जाते, इथे व्हायरसने कुलूप घातले की कुलूपबंद फाइलच तिकडे पोचते. काही सेवा जुन्या आवृत्त्या काही दिवस सांभाळतात, पण ते दिवस किती हे सेवा देणारा ठरवतो. सिंकथिंग हे मुक्त साधन मला अतिशय आवडते, मी रोज वापरतो, तरी बॅकअपच्या प्रकरणांत ते मी घेतलेले नाही. त्याचे काम आरशाचे आहे आणि ते काम ते चोख करते.

आता मुक्त स्रोतच का? फुकट मिळते म्हणून, असे कुणी म्हटले तर मी भांडणार नाही, पण माझे कारण वेगळे आहे. बॅकअप आज घेतला तरी तो उघडायचा दिवस दहा वर्षांनी येऊ शकतो. तोवर बनवणारा राहील का? क्रॅशप्लॅनची घरगुती सेवा २०१८ मध्ये बंद झाली. मॅक्रियम रिफ्लेक्टची फुकट आवृत्ती १ जानेवारी २०२४ पासून थांबली. दोन्ही वेळा लोकांना सवड दिली गेली, कुणी फसवले नाही, पण दुकान त्यांचे होते आणि शटर ओढायचा हक्कही त्यांचाच. मुक्त स्रोतातही माणसे थकतात, कामे थांबतात. अॅटिक नावाचे साधन असेच मंदावले होते. पण त्याचा सांगाडा सगळ्यांसमोर उघडा असल्याने २०१५ मध्ये दुसऱ्यांनी तो उचलून वेगळी वाट धरली आणि त्यातून बोर्ग उभे राहिले, जे आज जगभर वापरले जाते.

साधनांकडे वळू. सगळ्यांचा आजोबा म्हणजे आरसिंक. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी ते १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात लिहिले, संथ लाइनवरून फाइलीचा बदललेला भागच तेवढा पाठवता यावा म्हणून. आजही ते लखलखीत चालते आणि त्याने केलेली प्रत साध्या फाइलींचीच असते, म्हणजे परत काढायला आरसिंकचीही गरज लागत नाही. पण त्याला एका तिरप्या रेघेचा शाप आहे. फोल्डरच्या नावापुढे ती रेघ दिली तर आतला माल जातो, नाही दिली तर फोल्डरसकट जातो. त्यात मूळ जागी पुसलेले प्रतीतूनही पुसण्याचा पर्याय चालू असेल आणि मूळ डिस्क जोडायचीच राहिली असेल, तर आरसिंकला दिसते की मूळ जागा रिकामी आहे. मग ते इमानदारीने तुमची प्रतही रिकामी करते. याच आजोबांच्या खांद्यावर बॅक इन टाइम आणि टाइमशिफ्ट उभी आहेत. टाइमशिफ्टबद्दल एक इशारा इथेच देतो: ते लिनक्सची यंत्रणा पूर्वपदावर आणण्यासाठी आहे, तुमच्या घरच्या फाइली ते आपणहून घेत नाही. ‘टाइमशिफ्ट चालू आहे’ म्हणून निर्धास्त असलेली दोन माणसे मला याच शहरात भेटली.

पुढची पिढी म्हणजे बोर्ग, रेस्टिक आणि कोपिया. यांची खुबी समजायला उसाच्या फडात जाऊ. ऊस फूटपट्टी लावून एकेका फुटाला तोडला आणि नंतर बुडाशी चार बोटे ऊस जास्त निघाला, तर पुढचा प्रत्येक तुकडा चार बोटांनी सरकतो. एकही तुकडा आधीच्यासारखा राहत नाही. तोच ऊस पेरापेराला तोडला तर? बुडाला एक कांडे वाढले एवढेच, वरची सगळी कांडी होती तशीच. ही साधने फाइलीचे तुकडे असे पेरावर पाडतात, म्हणजे आतला मजकूरच ठरवतो की कुठे तोडायचे. प्रत्येक तुकड्याला त्याच्या मजकुरावरून ओळख मिळते आणि एकदा ठेवलेले कांडे पुन्हा ठेवले जात नाही. म्हणून ४० जीबी फोटोंच्या फोल्डरचे नाव बदलले तर आरसिंक ते ४० जीबी नव्याने वाहते, रेस्टिक नुसती मान डोलावते. रोज बॅकअप घेऊन महिनाभराच्या तीस आवृत्त्या ठेवल्या तरी जागा तिसाने गुणली जात नाही.

तिघांत डावे-उजवे करायचे तर असे. बोर्ग जागा सर्वांत कसोशीने वापरते, लिनक्स आणि मॅकवर उत्तम, व्होर्टा किंवा पिका हा दर्शनी चेहरा लावला की आज्ञा टाइप कराव्या लागत नाहीत. पण विंडोजवर ते थेट चालत नाही, आणि कोल्हापुरातले बहुतेक संगणक विंडोजचे. रेस्टिक अलेक्झांडर नॉयमन यांनी सुरू केले. एकच फाइल उतरवायची, कुठेही चालवायची. स्वतःच्या डिस्कपासून क्लाउडपर्यंत कुठेही लिहिते, आणि कुलूप न घालता ते काही ठेवतच नाही. दाबून भरण्याची सोय २०२२ पर्यंत नव्हती, आता आहे. कमी एकच, स्वतःचा चेहरा नाही, काळ्या पडद्यावर आज्ञा द्याव्या लागतात. कोपियाला चेहरा आहे, विंडोजवर ते नीट बसते, म्हणून घरगुती वापरणाऱ्याला मी आधी तेच दाखवतो. विंडोजवाल्यांत डुप्लिकाटीही फार वर्षांपासून आहे आणि त्याचा पडदा सर्वांत सोपा. पण ते आपल्या हिशेबाची वही संगणकावरच ठेवते, आणि संगणकच गेला तर परत काढण्याआधी ती वही नव्याने मांडत बसावे लागते. ज्या दिवशी घाई असते त्याच दिवशी ते सावकाश चालते, हे मला पटत नाही.

क्लोनझिला, बाक्युला, यूआरबॅकअप यांची प्रकरणे आहेत, इथे बोलत नाही. पहिले आख्खी डिस्क उचलण्यासाठी, बाकी दोन जास्त संगणकांच्या कचेरीसाठी.

मराठी माणसाने मात्र एक तपासणी जास्त करायची असते आणि ती परदेशी पुस्तकांत सापडणार नाही. आपल्या फाइलींची नावे देवनागरीत असतात. लिनक्सच्या नेहमीच्या फाइलव्यवस्थेत नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन, आणि काना-वेलांटी-हलन्त हीही चिन्हेच. म्हणजे आपल्या वाट्याला ८५ चिन्हे. विंडोजवर ही अडचण नसते. माझ्या एका फाइलीचे नाव होते ‘स्मृतिग्रंथ दुसऱ्या आवृत्तीची तिसऱ्यांदा तपासलेली अंतिम प्रत मुखपृष्ठासह छपाईसाठी फायनल फायनल’. मोजून २५९ बाइट. विंडोजवरून रेस्टिकने ती तक्रार न करता घेतली, कारण घेताना नाव त्याच्या स्वतःच्या कोठारात जाते. लिनक्सवर परत काढायला गेलो तेव्हा ‘नाव फार लांब’ म्हणून अडली. शेवटचे दोन ‘फायनल’ नसते तर बसली असती.

आणि आपला तो ‘ऱ’! ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘कोऱ्या’ यांतला. युनिकोडमध्ये तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एक अख्खे अक्षर म्हणून, किंवा ‘र’ आणि खाली नुक्ता असे दोन तुकडे करून. जुन्या मॅकची फाइलव्यवस्था नाव साठवताना त्याचे तुकडे करते, विंडोज आणि लिनक्स दिले तसे ठेवतात. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला ती दोन वेगळी नावे वाटतात. मग प्रतीत एकाच नावाच्या दोन फाइली दिसू लागतात आणि आपण वेडे होतो.

याहून मोठी अडचण फॉन्टची. युनिकोडच्या आधीची आपली सगळी अक्षरजुळणी श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा फॉन्टांत झाली आणि पेजमेकरात बसवली गेली. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. फाइल तुमच्याजवळ बाइट-न्-बाइट सुरक्षित असली आणि फॉन्ट नसला तर पडद्यावर नुसता इंग्रजी अक्षरांचा भुगा दिसतो. बॅकअपचे कुठलेही साधन हे तुम्हाला सांगणार नाही, त्याच्या लेखी फाइल ठणठणीत आहे. म्हणून जुने काम असणाऱ्यांनी फॉन्ट आणि एकेक पीडीएफ त्याच फोल्डरात ठेवावी.

म्हणूनच मी साधनांची तुलना बॅकअप घेण्यावरून केली नाही, परत काढण्यावरून केली. घेताना सगळीच गुणी दिसतात. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या मोठ्या संगणकीय कंपनीत एका कर्मचाऱ्याच्या हातून चालू डेटा पुसला गेला. बॅकअपच्या पाच तऱ्हा त्यांनी योजल्या होत्या. त्या दिवशी कळले की एकही धड चालत नव्हती. काही तास आधी योगायोगाने काढलेली एक प्रत कामी आली. त्यांनी ते सगळे जाहीरपणे लिहून सांगितले, याचे मला कौतुक वाटते. आपल्याकडे असे झाले की ‘व्हायरस आला’ म्हणून मोकळे होतात.

माझ्या चाचण्या गावठी होत्या. बॅकअप चालू असताना मेन स्विच बंद करायचा, कारण पावसाळ्यात वीज जातेच. बोर्ग आणि रेस्टिक पुन्हा चालू केल्यावर आधी पोचलेला बराचसा माल परत वाहत नाहीत, पण रेस्टिकने कोठाराला लावलेली कडी तशीच राहते आणि जुन्या प्रती छाटायला गेलात की अडते. ती हाताने काढायची हे ठाऊक हवे. नेटवरून प्रत पाठवायची तर वर चढवण्याचा वेग मोजायचा. २० एमबीपीएसने ५०० जीबी जायला अखंड सव्वादोन दिवसांहून जास्त लागतात. आणि शेवटची चाचणी, जी मी सर्वांत महत्त्वाची मानतो: दुसऱ्या माणसाने, दुसऱ्या संगणकावर, माझ्याशी न बोलता, फक्त मी लिहून ठेवलेल्या कागदावरून फाइली परत काढायच्या.

तीन प्रती, दोन तऱ्हेच्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर, हा नियम पीटर क्रॉग या छायाचित्रकाराने रूढ केला. त्यातल्या ‘घराबाहेर’ला कोल्हापुरात नकाशा लावून पाहावा लागतो. शाहूपुरीतल्या दुकानाची प्रत दुधाळीत ठेवणे म्हणजे दोन्ही प्रती एकाच नदीच्या पुरात ठेवणे. मी पन्हाळ्यावर बहिणीकडे ठेवली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला, गडावर पाणी चढण्याचा प्रश्नच नव्हता, पण गडाचा रस्ता खचला. शिरोलीपाशी महामार्गही पाण्याखाली. प्रत सुखरूप होती आणि आणता येत नव्हती. तेव्हापासून एक डिस्क गडावर आणि एक प्रत नेटवर.

शिवाय पुढचे नुकसान नदीतूनच येईल असे कुणी सांगितले? ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह आगीत गेले. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ पेटला, त्यात ‘मीठभाकर’ जळाला आणि भालजींनी तो पुन्हा चित्रित केला. त्यांच्यात ती धमक होती. बाबूराव पेंटरांची १९२० ची ‘सैरंध्री’ मात्र आज कुणाला पाहता येत नाही. एवढे चित्रपट घडवणाऱ्या या गावाला एकुलत्या प्रतीची किंमत कुणी बाहेरून येऊन शिकवायला नको.

शेवटी किल्लीचे. रेस्टिकचा पासवर्ड हरवला तर तो बनवणाराही काही करू शकत नाही. बोर्गमध्ये किल्लीची फाइल संगणकावरच ठेवण्याचा एक पर्याय आहे. संगणक बुडाला की किल्ली आत आणि कुलूप बाहेर. म्हणून पासवर्ड कागदावर लिहा आणि तो कागद घरातल्या माणसाला दाखवून ठेवा. संगणक एकट्याने सांभाळणारा माणूस अचानक गेला, तर फोटो आणि हिशेब घरच्यांना मिळायला हवेत. बँकेच्या ठेवीला आपण वारस लावतो, बॅकअपलाही लावायला हवा.

वर सांगितलेली शेवटची चाचणी भाचीने दिली. ती वाणिज्य शाखेची, संगणकाचा अभ्यास नाही. माझा कागद आणि गडावरची डिस्क घेऊन तिने स्वतःच्या लॅपटॉपवर या पुस्तकाची सगळी प्रकरणे परत काढली. पावणेदोन तास लागले. त्यातला एक तास माझे अक्षर लावण्यात गेला. तो कागद आता मी टाइप करून ठेवला आहे.